पेटी आणताय न्हवं?

आमच्या घरात ब्रीफकेसला पेटी म्हणतात आणि पेटीला बाजा. बाकीच्या जगात पेटी म्हणजे हार्मोनियम, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण माणूस पन्नाशी ओलांडूनही घरातलेच शब्द खरे धरून चालतो. मी तसाच चालत निपाणीजवळच्या एका गावापर्यंत गेलो, आणि तिथं माझ्या मुलीचं लग्न बराच वेळ माझ्या उजव्या हातात लोंबकळत राहिलं.

पेटी हा शब्द अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. अण्णा बेळगावच्या कोर्टात एका वकिलांचे कारकून होते. जुने कागद तेव्हा लाल फडक्यात बांधून ठेवलेले असत, आणि त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. अण्णा सकाळी निघताना आईला "आज तीन रुमाल न्यायचेत" असं सांगत. माझ्या वडिलांना बारा महिने सर्दी असते, असा माझा बरीच वर्षं समज होता.

अण्णांचं बोट धरून मी कोर्टात जायचो तेव्हा माणसांच्या तोंडांकडे न बघता त्यांच्या हातांकडे बघायचो. वकिलांची बॅग काळ्या चामड्याची, डॉक्टरांच्या बॅगेसारखी वरून तोंड उघडणारी. खाली ठेवली की ती म्हातारं कुत्रं बसावं तशी बसे. निपाणीचे तंबाखूचे व्यापारी तारखेला येत, त्यांच्या काखेत चेन लावलेलं चपटं चामडी पाकीट असे. चहा पितानाही ते काखेतून निघत नसे, त्यामुळे सगळे व्यापारी एकाच हातानं चहा पीत. विमा एजंटाची रेक्झिनची बॅग तीन कप्प्यांची, बटण दाबलं की खट्ट वाजणारी. तो बोलता बोलता ती उगाच उघडमीट करी. औषध कंपनीच्या माणसाची उभी, चौकोनी. ती आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांच्या दाराशी दिसे, आणि आत बोलावणं येईपर्यंत तो माणूस तिच्यावरच बसून राही. खऱ्या कामाची बॅग तीच, जिच्यावर माणूस बसू शकतो, असं माझं तेव्हा मत झालं होतं.

मग ब्रीफकेसचे दिवस आले. कडक, चॉकलेटी रंगाची, दोन्ही बाजूंना तीन-तीन आकड्यांचं कुलूप. वकिलांनी स्वतःला नवी घेतली आणि जुनी अण्णांना दिली. कोर्टातला शिपाई कानडी माणूस. तो तिला पेट्टिगे म्हणे. अण्णांनी त्या शब्दाचं शेपूट कापलं आणि उरलेला घरी आणला. तेव्हापासून ती पेटी. घरात हार्मोनियम नंतर आलं, माझ्या मुलीच्या गाण्याच्या शिकवणीसाठी. तोवर पेटी हे नाव आधीच देऊन झालं होतं, म्हणून त्याला बाजा म्हणणं भाग पडलं.

अण्णांच्या पेटीत दोन केळी, पानाचा डबा, चष्म्याचं घर आणि घडी घातलेली कापडी पिशवी असे. येताना ते बाजारात थांबत, पेटीतून पिशवी काढत, पिशवीत भाजी घेत आणि पेटी दुसऱ्या हातात धरून घरी येत. भाजी पेटीत ठेवली तर दोन हात अडकणार नाहीत, असं मी एकदा सुचवलं.

"पेटी उघडायची नसती रं," अण्णा म्हणाले. "ठेवायची असती. लोकांस्नी वाटू दे, आत काय काय हाय."

ब्रीफकेस नावाच्या वस्तूबद्दल मी पुढं जे काही पाहिलं, ते या एका वाक्यात बसतं.

अण्णा गेले आणि पेटी कपाटावर गेली. ती खाली काढावी असा हुद्दा मला कधी मिळाला नाही. मी पिरनवाडीत राहतो आणि उद्यमबागेत एका फाउंड्रीत तपासणीच्या खात्यात आहे. ओतलेलं कास्टिंग हुकाला टांगायचं, छोट्या हातोडीनं ठोकायचं आणि ऐकायचं. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर आत भेग. दिवसभर एवढंच. या कामाला बॅग लागत नाही. डब्यासाठी पाठीवर सॅक असते, आणि तशीच सॅक आमच्या मालकांच्या पाठीवर असते, नव्या पोरांच्या असते आणि शाळेत जाणाऱ्या मुलांच्याही असते. पूर्वी बॅग बघून माणूस कोण ते कळायचं. आता सॅक बघून एवढंच कळतं, की आत एक चार्जर आहे.

दुसरी एक गोष्ट इथंच सांगायला हवी. मला कबूल करण्याची खोड आहे. मनात काही टोचलं की ते समोरच्याला सांगितल्याशिवाय मला घास गिळवत नाही. बसच्या कंडक्टरला मी एकदा सांगितलं, की मागच्या आठवड्यात झोप लागून मी एक थांबा पुढं उतरलो होतो, तेवढं तिकीट आता फाडा. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या माणसाकडे गेला. मुलगी शाळेत असताना पालकसभेत मी उभा राहून म्हणालो, की तिच्या वहीतलं पानांचं चित्र माझं आहे. बाईंनी चित्राचे गुण कमी केले नाहीत, पण मुलगी चार दिवस माझ्याशी बोलली नाही. एका मित्राच्या वास्तुशांतीला जेवताना मी त्याला म्हणालो, तुझ्या फरशीचा रंग मला आवडला नाही, आणि हे मनात ठेवून तुझे लाडू खाणं मला बरं वाटत नाही.

तर अशा माणसाच्या मुलीचं लग्न ठरायचं होतं.

मुलगी पुण्यात नोकरी करते. मुलगाही तिथंच, तिच्याच ऑफिसात, मूळचा निपाणीकडचा. दोघांनी आपसात ठरवलं होतं, आमची काही हरकत नव्हती. राहिले होते मुलाचे वडील. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणतं. तंबाखूची शेती आणि गावचं भजनी मंडळ, दोन्ही त्यांच्याच हातात. ते नाही म्हणत नव्हते, पण व्हयही म्हणत नव्हते. "माणसं कशी हाईत ते बघू," एवढंच. आणि मुलगा असा, की आप्पांच्या मनाविरुद्ध तो चहासुद्धा बदलणार नाही. मुलीला तोच आवडला होता आणि त्याच्या या स्वभावासकट आवडला होता, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

मध्यस्थ म्हणून माझा मेव्हणा आधी जाऊन आला. परत आला तो हसतच.

"दाजी, सांगून आलोय. तुम्ही कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मार्केटिंग मॅनेजर."

"अरे, पण मी—"

"आता सांगून झालं. तुम्ही काय बोलू नका. नुसतं तसं दिसा."

तसं दिसायचं कसं, यावर घरात चर्चा झाली आणि बायकोनं स्टुलावर चढून कपाटावरून अण्णांची पेटी खाली काढली. ओल्या फडक्यानं पुसल्यावर ती बरीच तरुण दिसू लागली. मी ती हातात घेऊन खोलीतून दोन फेऱ्या मारल्या.

"पेटी उडायलीया, दाजी," मेव्हणा म्हणाला. "मॅनेजरची पेटी माणसाला खाली ओढती. वजन घाला काहीतरी."

म्हणून शनिवारी मी फाउंड्रीतून एक कास्टिंग घरी आणलं. पंपाचं झाकण, खोलगट वाडग्यासारखं, कडेला नटबोल्टची भोकं. गेटवर नोंद केली, सोमवारी परत आणतो म्हणून सांगितलं. वॉचमननं कशाला ते विचारलं नाही. तरी मी सांगितलं, पेटी जड करायला. तो हसलाही नाही.

त्याच्या आदल्या संध्याकाळी आप्पांचा फोन आला होता.

"पाव्हणं, रविवारी येताय न्हवं?"

"येतोय की."

"आनि पेटी? पेटी आणताय न्हवं?"

मी पुसून ठेवलेल्या पेटीकडे बघितलं. मेव्हण्यानं पेटीचंही सांगून ठेवलेलं दिसत होतं. "व्हय, आणतोय," मी म्हणालो.

"नवी हाय का जुनी?"

"जुनी आहे. वडिलांची."

"मग तर झालंच. जुन्या पेटीची मजा येगळीच. आता कोण हाताळतंय?"

"आता मीच."

"आमची मंडळी वाट बघायलीत. समद्यास्नी सांगून ठेवलंय, बेळगावचं पाव्हणं सोताची पेटी घिऊन येणार म्हणून."

मी फोन ठेवला आणि मला भरून आलं. ऑफिसात काम करणाऱ्या माणसाविषयी खेड्यात अजून एवढा आदर आहे, असं मी बायकोला सांगितलंही. मग रात्रभर आपण त्या आदराला पात्र नाही हे टोचत राहिलं.

रविवारी मेव्हण्याच्या गाडीतून आम्ही चौघं निघालो. मुलगी पुण्याहून आदल्या दिवशीच आली होती. गाडी संकेश्वरच्या जवळ आल्यावर ती मागून पुढं झुकली.

"बाबा, एक ऐका. गाडीतून उतरल्यापासून परत गाडीत बसेपर्यंत तुम्ही काहीही कबूल करायचं नाही."

"काहीच?"

"काहीच. पोहे खारट असले तरी नाही."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"विचारलं तर हसायचं," मेव्हणा म्हणाला. "मॅनेजर लोक हसतात."

मी कबूल केलं. ते शेवटचं, असं ठरलं.

आप्पांचं घर चिरेबंदी, समोर गोठा, मागं तंबाखूचं शेत. सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, भिंतीकडेला घोंगडी अंथरून मंडळातली चार-पाच माणसं टाळ घेऊन बसली होती. मधोमध मात्र निळा, मखमली सोफा होता, त्या घरात वाट चुकून आल्यासारखा. आम्हाला त्याच्यावर बसवलं. तबल्यापाशी शेजारचे एक गृहस्थ बसले होते. त्यांचं लक्ष तबल्यापेक्षा सोफ्याकडे जास्त होतं. मी टेकायच्या आत ते म्हणाले, "सावकाश बसा. स्प्रिंग हाय."

मी पेटी पायाशी ठेवायला वाकलो तोच आप्पांनी दोन्ही हातांनी ती माझ्याकडून घेतली. उंच, वाळके गृहस्थ, डोक्याला पांढरी टोपी. त्यांनी पेटी जरा उचलून अंदाज घेतला आणि मंडळाकडे वळून म्हणाले, "लई जड हाय रं."

"जर्मन सुरांची असंल," मंडळातला एक म्हातारा म्हणाला.

"पर ही अशी कशी?"

"फोल्डिंगची हाय," तबलावाले म्हणाले. "मिटली की सुटकेसवाणीच दिसती. मी बघितलीया कोल्हापुरात."

तोवर आतून पाट आला. पाटावर पेटी ठेवली गेली. कोणीतरी तिच्यावर झेंडूचं फूल ठेवलं, आप्पांनी हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली आणि नमस्कार केला. मग सगळ्या मंडळानं केला. माझ्या मेव्हण्यानंही केला, कारण त्याला अजून काहीच कळलेलं नव्हतं.

मला कळलं होतं. मुलगी गाते हे मुलानं घरी सांगितलेलं असणार, आणि आप्पांची पेटी म्हणजे आमचा बाजा. मी मुलीकडे बघितलं. तिलाही कळलं होतं. पेटीत काय आहे ते ती जाणत होती, आणि मी कुठल्या क्षणी उभा राहीन हेही जाणत होती. तिनं डावीकडून उजवीकडे एकदाच मान हलवली.

मी हसलो. मॅनेजर लोक हसतात.

पोहे आले. माझं बशीकडे लक्ष नव्हतं, त्यामुळे थोडे पोहे मखमलीवर सांडले. तबलावाल्यांनी तबला सोडला, येऊन ते वेचले आणि खिशातल्या रुमालानं तेल टिपून परत जाऊन बसले. आप्पा सांगत होते, की देवळातल्या पेटीचा भाता उंदरानं खाल्ला, तेव्हापासून मंडळ नुसत्या टाळावर भजन करतंय. आज कितीतरी दिवसांनी सूर मिळणार. दारात आणि खिडकीत गल्लीतली माणसं जमायला लागली होती. त्यांना बोलावणं आप्पांचंच होतं. आता पेटी उघडली आणि आत सूर नाही निघाला, तर तोंड आप्पांचं काळं होणार होतं, आणि ज्या माणसानं ते केलं त्याच्या घरची मुलगी ते कशी आणणार?

"बास झाले पोहे," आप्पा म्हणाले. "पोरीला एक म्हणू दे. पाव्हणं, पेटी उघडा."

मी पाटासमोर मांडी घातली. फूल उचलून बाजूला ठेवलं. तीन शून्यं जुळवली, डावं कुलूप उघडलं. उजवं उघडेना. मी परत जुळवली. उघडेना. आयुष्यात पहिल्यांदा एखादी बिघडलेली वस्तू बघून मला देवाचे आभार मानावेसे वाटले.

"अडकलंय," मी म्हणालो. हे कबुलीत मोडत नव्हतं.

"हातोडी आणा," आप्पा म्हणाले.

तबलावाल्यांनी तबला चढवायची छोटी हातोडी काढली. "पेटीला हातोडी लावू नये, आप्पा."

"पेटीला न्हाय रं. कुलपाला."

तबलावाले कुलपाच्या मधोमध ठोकायला लागले. तिथं ठोकून काय होणार? कडेला, जरा खालून, एकच हलका टोला द्यायचा असतो. एवढी वर्षं दिवसभर हातोडी धरलेल्या माणसाला ते बघवत नाही. काय करतोय हे कळायच्या आत मी त्यांच्या हातातून हातोडी घेतली आणि बरोबर जागी टोला दिला. कुलूप खट्टकन उघडलं. चुकीच्या वेळी काम नीट करण्याची ही माझी पहिलीच वेळ नव्हती.

आप्पांनी स्वतः झाकण वर केलं.

आत दोन केळी होती. बायकोनं ठेवली होती, अण्णांसाठी आई ठेवायची म्हणून. घडी घातलेली कापडी पिशवी होती. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. आणि टॉवेलात गुंडाळलेलं पंपाचं झाकण.

जर्मन सूर म्हणणारा म्हातारा पुढं वाकला, बराच वेळ आत बघत राहिला आणि म्हणाला, "भाता कुठाय?"

मी मुलीकडे न बघता बोललो. "आमच्यात पेटी म्हणजे ही, आप्पा. कागदपत्रांची."

"आनि पेटीला काय म्हणता?"

"बाजा."

"म्हंजे मी फोनवर बाजा आणा म्हणायचं हुतं."

"व्हय."

"हे माझ्या ध्यानात यायला पायजे हुतं," आप्पा म्हणाले. पण हसले नाहीत. त्यांनी दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. खिडकीतली एक बाई दुसरीला कानडीत काहीतरी म्हणाली आणि दोघी पदर तोंडाला लावून बाजूला झाल्या.

इतका वेळ कोपऱ्यात बसलेला मुलगा उठला. मोबाईलवर तंबोरा मिळतो म्हणाला, एका मिनिटात उतरवून घेतो. पण त्या घरात फोनला धड नेटवर्क नाही. सोप्यात बसलं की कर्नाटक, गोठ्यात गेलं की महाराष्ट्र, आणि जे काही मिळतं ते गोठ्यातच. तो फोन वर धरून म्हशींकडे गेला.

तेव्हा मुलगी सोफ्यावरून उठून पाटापाशी आली. टॉवेल सोडून तिनं झाकण काढलं, पिशवीच्या बंदाचं टोक त्याच्या भोकात ओवलं आणि माझ्यासमोर टांगून धरलं.

"बाबा, वाजवा."

लहानपणी ती सुट्टीत माझ्याबरोबर फाउंड्रीत यायची. घरी आल्यावर आम्ही दोघं स्वयंपाकघरातली भांडी ठोकून कुठलं बद्द, कुठलं खणखणीत हा खेळ खेळत असू, आणि तिची आई आम्हा दोघांना बाहेर काढी. तिला तो खेळ आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं.

मी तबल्याच्या हातोडीनं झाकणाच्या कडेला एक टोला दिला.

आवाज स्वच्छ आला आणि बराच वेळ राहिला. आधी तबलावाल्यांनी मान वळवली. मग म्हाताऱ्यानं. आवाज पुरता विरेपर्यंत कोणी हललं नाही.

"काळी चार," तबलावाले म्हणाले.

"जरा उतरती हाय," म्हातारा म्हणाला.

"चढवा की मग, पाव्हणं."

"बीड आहे, ओतीव लोखंड. चढत नाही," मी म्हणालो. "ओतलं तेव्हा जे झालं ते."

"मग तूच उतर," आप्पा तबलावाल्यांना म्हणाले.

तबला उतरवायला हातोडी लागते आणि हातोडी एकच होती. मी टोला द्यायचा, हातोडी त्यांच्याकडे द्यायची, त्यांनी दोन ठोके मारून ऐकायचं, तोवर माझा सूर विरायचा, मग हातोडी परत माझ्याकडे. चार-पाच वेळा असं झाल्यावर आप्पाच मध्ये बसले आणि हातोडी इकडून तिकडे देऊ लागले. तबला लागला तेव्हा खिडकीतल्या दोघी परत आल्या होत्या.

मुलगी गायली. एक अभंग, साधाच, मंडळाला पाठ असलेला, म्हणजे ध्रुवपदाला सगळ्यांना धरता यावं. ती एका हातानं बंद धरून उभ्यानं गात होती, आणि सूर विरायला लागला की मी टोला देत होतो. जास्त जोरात दिला तर शब्द बुडणार, हळू दिला तर टाळ त्याला गिळणार. माझं गाण्याकडे लक्ष नव्हतं, हे मी तिला नंतर सांगितलं. माझं लक्ष फक्त झाकणाच्या कडेकडे होतं. एवढं मन लावून मी कंपनीतही काम केलेलं नाही.

शेवटच्या गजरात मुलगा गोठ्यातून पळत आला. "उतरलं," म्हणाला. कोणी त्याच्याकडे बघितलं नाही.

गजर थांबल्यावर आप्पांनी झाकण हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि त्याच्या कडेला कुंकवाचं बोट लावलं.

"हे देवळात ऱ्हाऊ दे, पाव्हणं. पेटी दुरुस्त हुईपतोर. मंडळाला सूर हुईल."

कुठल्याही समजदार माणसानं या वेळी घ्या म्हटलं असतं. मेव्हणा मागून म्हणालाही, "घ्या की, घ्या." पण ते माझं नव्हतं.

"ते कंपनीचं आहे," मी म्हणालो. "उद्या परत ठेवायचंय. गेटवर सांगून आलोय."

"एक लोखंडाचा तुकडा?" आप्पा म्हणाले. "मॅनेजर न्हवं तुम्ही? मॅनेजरला एवढं बी देता येईना?"

मी मुलीकडे बघितलं. ती पाटापाशी बसून पेटीतलं एक केळं सोलत होती. मान हलवायला तिला सवड नव्हती, किंवा तिनं मुद्दाम काढली नव्हती.

"मी मॅनेजर नाही," मी म्हणालो. "ठोकून बघतो. दिवसभर. भेग आहे का नाही तेवढं सांगतो. ही पेटी वडिलांची आहे, ती वजनाला हलकी लागत होती म्हणून ते लोखंड घातलं. माझी पाठीवरची सॅक घरी आहे."

मेव्हणा गाडीच्या चाकात हवा आहे का बघायला बाहेर गेला. बायकोनं डोळे मिटले.

आप्पा तबलावाल्यांकडे वळले.

"सोफा न्हे रं तुझा."

"आत्ता?"

"आत्ताच. पाव्हणं उठलेतच न्हवं. मी बी कवाधरनं अवघडून बसलोय."

"न्हेतो की," तबलावाले उठत म्हणाले. "पर ते तेल गेलं न्हाय, आप्पा. बायको मारंल मला."

"तेल माझ्या हातून सांडलं," मी म्हणालो.

"ठाव हाय. बघितलंया."

त्यांनी आणि मुलानं मिळून सोफा शेजारी नेला. मग आम्ही सगळे घोंगडीवर बसलो, आणि पहिल्यांदा कोणीतरी माझ्या कामाबद्दल नीट विचारलं. भेग कशी कळते, कान कुठला वापरता, पडसं झालं तर काय करता. आप्पांनी तंबाखूचं एक पान आणून माझ्या हातात दिलं, बोटांत चोळायला लावलं आणि विचारलं, काय कळतंय. काही कळत नाही म्हणालो. "मला तेवढंच कळतंय," ते म्हणाले. त्यावर मुलगा हसला, तेव्हा मला पहिल्यांदा तो आप्पांसारखा दिसला.

निघताना ते गाडीपर्यंत आले. तारखेचं बोलणं काढलं ते त्यांनीच. आधी साखरपुडा बेळगावला करू म्हणाले, मग म्हणाले नको, इथंच करू, मंडळाला यायला बरं पडतं.

"साखरपुड्याला बाजा आणा," ते म्हणाले. "नीट सांगतोय. बाजा. आनि ही पेटी बी आणा."

"ती आता कशाला, आप्पा?"

"केळी कशात आणणार?"

गाडी परत संकेश्वरपाशी आली. मग मुलगी म्हणाली, "बाबा, झाकण जरा उतरतंच होतं हं." बायको हसायला लागली, आणि मेव्हणा म्हणाला, की चारही चाकांत हवा बरोबर आहे.

सोमवारी मी कास्टिंग परत नेलं. वॉचमननं कुंकवाचं बोट बघून काय झालं विचारलं, आणि मी सांगितलं. सगळं सांगितलं. तोवर गेटवर आठ-दहा माणसं खोळंबली होती. ते झाकण मी त्याच्या जागी ठेवलं, पण पुसलं नाही.

तेव्हापासून एक झालंय. हुकाला कास्टिंग टांगून ठोकलं, की भेग आहे का याच्या आधी मी सूर कुठला ते ऐकतो. काळी एक, पांढरी चार, क्वचित काळी चार. कामाच्या वेळेत मी हे करतो, आणि साहेबांना अजून सांगितलेलं नाही. पण फार दिवस राहवेल असं वाटत नाही.